दक्षिणेकडचा नाच

“हलू नको बे भावसिंग! तुझी सावली काचेवर पडून राह्यली!”

“मंग कुठी जाऊ? भिंतीत घुसू?”

“घुस!” मोबाइलवरची नजर न हलवता कशफने हुकूम सोडला. “ही पाह्य, नाचून राह्यली! समीक्षा, मी चालू केलं शूटिंग!”

समीक्षा गुडघ्यांवर सरकत पुढे आली. तिच्या घरामागच्या अंधाऱ्या खोलीत दोन काचांच्या मध्ये मधमाश्यांचं एकच पोळं उभं होतं. त्यावर माश्यांची ही गर्दी! पण त्या गर्दीत एक माशी पोट थरथरवत सरळ रेषेत धावत होती. मग गिरकी घेऊन मागे. पुन्हा तीच सरळ धाव, पुन्हा गिरकी, आता दुसऱ्या बाजूने. काचेवर मधोमध गवंड्याचा ओळंबा लटकत होता. सरळ वर म्हणजे नेमकं कुठे, ते त्या दोरीवरून कळायचं.

“उजवीकडे. जवळजवळ आडवी,” समीक्षा कुजबुजली. “कालच्यासारखीच! म्हंजे पुन्हा दक्षिण.”

“दक्षिणेले काय आहे?” कशफने विचारलं.

“काईच नाई,” भिंतीला चिकटलेला भावसिंग म्हणाला. “नुसता माळ. दगड अन् सराटे. मी बकऱ्या घेऊन गेलतो ना तिकडे. बकऱ्या बी तोंड वाकडं करून परत फिरल्या!”

तिघंही सातवीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. समीक्षाची आई इंदुताई पळसकुंडची सरपंच. कशफच्या अब्बूंचं गावात पंपदुरुस्तीचं दुकान होतं. भावसिंग गावाला लागून असलेल्या तांड्यावर राहायचा आणि आजूबाजूची प्रत्येक पाऊलवाट ओळखायचा. घाटंजीच्या बाजाराला जाण्यापलीकडे सुट्टीत काही घडायचं नाही, अशी तिघांची तक्रार होती. पण यंदा समीक्षाची अंजूआत्या अकोल्याहून ही काचेची पेटी घेऊन आली. आत्या मधमाश्यांचा अभ्यास करत होती. उन्हाळ्यात सगळं रान वाळतं, तेव्हा माश्या जातात तरी कुठे, हे तिला शोधायचं होतं.

“माश्यांना विचारायचं. त्या पत्ता सांगतात,” पहिल्याच दिवशी आत्या म्हणाली होती.

“सांगतात? तोंडानं?” भावसिंग हसला होता.

“नाचून! हे बघ. पोळ्यावर ‘वर’ म्हणजे सूर्याची बाजू. माशी सरळ वर थरथरत गेली, तर खाणं सूर्याच्या दिशेला. ती उजवीकडे आडवी गेली, तर सूर्याकडे तोंड करून उभा राहा आणि उजवा हात पसर. हात दाखवतो तिकडे चालू लाग! आणि थरथर जितका वेळ टिकते, तितकी जागा लांब.”

“अन् दुपारी? आपल्याकडे मे महिन्यात सूर्य पार टाळक्यावर येते.”

“शाबास! तेव्हा दिशाच उरत नाही. माश्याही गोंधळतात. म्हणून शूटिंग करायचं सकाळी आणि संध्याकाळी.”

मग सुरू झाली तालीम. साखरपाण्याची बशी आधी शाळेजवळ ठेवली, नंतर तांड्याजवळच्या आंब्याखाली. बशीवर आलेल्या माश्यांच्या पाठीवर कशफने गवताच्या काडीने आपल्या गुलाबी नेलपॉलिशचा इवलासा ठिपका लावला. त्या गुलाबी माश्या पेटीत येऊन नाचल्या, की मोबाइलवर त्यांचं शूटिंग करायचं आणि अगदी हळू करून बघायचं. शाळेसाठी थरथर आखूड, आंब्यासाठी चांगली लांब! तिघांची तोंडं उघडीच राहिली.

नंतर आत्याला तिच्या सरांना काम दाखवायला अकोल्याला जावं लागलं. “पेटी तुमच्या हवाली,” जाताना ती म्हणाली. “रोज शूटिंग करा.”

आणि ती गेल्यावर भलतंच घडायला लागलं. पेटीची नळी भिंतीतून जिथे बाहेर निघायची, तिथे सकाळी माश्या पडलेल्या दिसायच्या. काही मेलेल्या. काही जमिनीवर गरगर फिरत, पाय झाडत, इवलीशी सोंड बाहेर काढून तडफडणाऱ्या.

आजही पडल्या होत्या. समीक्षाने एक माशी पानावर उचलून घेतली. बघता बघता तिची तडफड थांबली.

“भुकेनं नाई मेल्या ह्या,” ती म्हणाली. “पोळ्यात मध आहे. ह्याईनं काहीतरी वाईट पोटात घेतलं.”

“अन् त्यातल्या लय माश्या दक्षिणेकडून येऊन राह्यल्या,” कशफ म्हणाली. “पायांवर पराग नाई. मंग तिकडून आनतात काय?”

“पानी!” समीक्षा ताडकन उठली. “आत्यानं सांगतलं होतं ना, उन्हाळ्यात पोळं थंड ठेवाले त्या पानी आनतात!”

“माळावर पानी?” भावसिंगने कपाळावर हात मारला. “अवं, गावची विहीर आटली, नाला आटला. आपुन टँकरचं पानी पिऊन राह्यलो, अन् माळावर पानी म्हनते!”

तेवढ्यात अंगणातून मोठा आवाज आला. “इंदुताई! हाय का घरात?”

आवाज सदाशिवरावांचा होता. पांढराशुभ्र सदरा, हातात मोटारसायकलची किल्ली. गावाला पाणी पुरवणारा टँकर त्यांचाच. पाणी साठवायला लोक जे निळे ड्रम विकत घेत, तेही त्यांच्याकडूनच. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि ते त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

“या माशाईची पेटी उचला,” ते इंदुताईंना म्हणाले. “माझ्या ड्रमवर येऊन बसतात, मानसाईले चावतात. परवा तांड्यावर सुखीबाईच्या पोरीचं लग्न. गावोगावचे पाहुने येतीन. कोनाले चावलं म्हंजे?”

“अंजूचं शिक्षणाचं काम आहे, भाऊ,” इंदुताई म्हणाल्या.

“शिक्षण अकोल्यात कराव! लग्नाच्या आधी पेटी हालली नाई, तर मी सोता येऊन जाळून टाकीन. सांगून ठेवतो!”

दारातून समीक्षा बाहेर आली. तिचे कान लाल झाले होते.

“काका, कोनत्या ड्रमवर बसतात?”

“आँ?”

“तुमचं ड्रमचं गोदाम तर फाट्यावर आहे, उत्तरेले. आमच्या माश्या तिकडे जातच नाई. त्या जातात दक्षिणेले. मंग तुमचे ड्रम दक्षिणेले कुठी आहेत?”

सदाशिवरावांची किल्ली बोटात फिरायची थांबली. मग ते एकदम गरजले, “लहान तोंडानं मले जाब विचारून राह्यली? इंदुताई, पोट्टीले आवरा!” आणि मोटारसायकलला किक मारून निघून गेले.

“समीक्षा!” आई रागावली. “मोठ्या मानसाशी असं बोलतात? उद्या पेटी उचलाव लागते.”

“नाई उचलत!” समीक्षा म्हणाली. तिची नजर खाली गेली नाही. “माश्या मरून राह्यल्या, अन् गुन्हेगार बी त्याच? आधी मले कळलं पाह्यजे त्या कायनं मरतात!”

“परवा सकाळपर्यंत,” इंदुताई म्हणाल्या. “त्याच्यापुढे एक घडी नाई.”

कशफने लगेच आत्याला फोन लावला. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “दक्षिणेला? छे! तिकडे काही नाही, मी स्वतः फिरून आले. तुमचं मोजमाप चुकलं असेल. ओळंबा सरकला असेल बघा.”

“ओळंबा नाई सरकला, आत्या!” समीक्षा मोबाइलजवळ तोंड नेत म्हणाली.

“अगं, माझंही पुष्कळदा चुकतं.”

“तुझं चुकत असंल,” समीक्षा म्हणाली, “आमचं नाई चुकलं. संध्याकाळी पुन्हा पाह्यतो!”

फोन ठेवल्यावर कशफने जीभ चावली. “आत्याले असं बोललो आपुन?”

“मंग? माशी खोटं बोलते का?”

उन्हं कलली तशी तिघं पुन्हा काचेसमोर बसली. सूर्य आता पश्चिमेला उतरत होता. सकाळी माश्या उजवीकडे नाचत होत्या. आता? बराच वेळ कुणीच नाचेना. भावसिंगला डुलकी लागली. आणि मग एक माशी नळीतून आत शिरली, गर्दीतून वाट काढत मधोमध आली आणि थरथरू लागली.

डावीकडे!

“गेलं!” भावसिंग खडबडून जागा झाला. “सकाळी उजवीकडे, आता डावीकडे. चुकलंच आपलं!”

“थांब बे!” समीक्षा त्याला हाताला धरून अंगणात घेऊन गेली. “सूर्याकडे तोंड कर. सकाळी सूर्य पूर्वेले होता. तेव्हा उजवा हात कुठी होता?”

“दक्षिणेले.”

“आता सूर्य पश्चिमेले. डावा हात पसर. कुठी गेला?”

भावसिंगने हात पसरला. हात सरळ माळाकडे गेला होता. त्याने हाताकडे पाहिलं, माळाकडे पाहिलं, आणि तांड्याच्या बोलीत आईच्या नावाने ओरडला, “याडी! दक्षिणच!”

आतून कशफ धावत आली. तिने शूटिंग हळू करून बघितलं होतं. “अन् थरथर आंब्यापेक्षा जास्त लांब! म्हंजे तांड्याच्या आंब्यापेक्षा जरा दूर. सच्ची सांगते, ह्या माशाईनं आपल्याले पत्ता लिहून देल्ला!”

दुसऱ्या दिवशी कोवळ्या उन्हातच तिघं निघाली. डोक्याला रुमाल, खांद्याला पाण्याच्या बाटल्या. तांडा मागे पडला, आंबा मागे पडला. पुढे तापायला लागलेला माळ. काळे दगड, वाळकं गवत, चपलेतून टोचणारे सराटे. समीक्षा मधूनमधून थांबून सूर्याकडे तोंड करायची आणि उजवा हात पसरायची.

“अठी तर काईच नाई,” कशफ धापा टाकत म्हणाली.

“एवढी चढाई चढू,” भावसिंग म्हणाला. “पलीकडे मी बी नाई गेलो कधी. तिकडे जुनी खदान होती म्हनतात. बंद पडली.”

चढण संपली आणि तिघंही एकदम खाली बसली. समोर पत्र्याचं कुंपण होतं. नवंकोरं, उन्हात चमकणारं. कुंपणाच्या आत दगडाची मोठी खदान, आणि खदानीच्या तळाशी हिरवंगार, संथ पाणी!

“या अल्लाह!” कशफ पुटपुटली.

टणटणीच्या झुडपांआडून सरपटत तिघं कुंपणापाशी गेली. दोन पत्र्यांमध्ये फट होती. आत दोन माणसं निळे ड्रम पाण्यात बुचकळून धूत होती. धुतलेलं पाणी फेसाळत परत खदानीतच जात होतं. धुवायच्या राहिलेल्या ड्रमांची रांग कुंपणाला लागून उभी होती. त्यांच्यावर चिकटवलेली कंपनीची पट्टी अजून निघाली नव्हती.

त्या पट्टीवर लाल त्रिकोण होता.

तिघांनीही तो ओळखला. कापसाच्या गावातलं कुठलं पोरगं ओळखणार नाही? फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर असतो, तोच. लाल म्हणजे सगळ्यात जहाल. असल्या बाटलीला हात लावला तरी घरी पाठीत धपाटा बसायचा.

“औषधाचे ड्रम!” भावसिंग म्हणाला. “धुऊन लोकाईले विकून राह्यले! आमच्या घरी बी तसाच ड्रम आहे, पानी भरून!”

“ते पाह्य,” समीक्षाने बोट दाखवलं.

फटीच्या अगदी खाली, पाण्याच्या कडेच्या ओल्या दगडावर माश्या ओळीने बसल्या होत्या. पाणी पीत होत्या. त्यातल्या एकीच्या पाठीवर, उन्हात चमचमणारा गुलाबी ठिपका!

“माझं नेलपॉलिश,” कशफ म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “आपली माशी आहे व. पिऊ नको ना! उड ना!”

इतक्यात घरघर ऐकू आली. पलीकडच्या कच्च्या रस्त्याने एक टँकर खदानीत उतरला. पाठीमागे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘पिण्याचे पाणी’. चालक रहेमानचाचांनी जाड नळी पाण्यात सोडली आणि पंप सुरू केला.

भावसिंगने पत्र्याची कड घट्ट पकडली.

“हे पानी आपुन पितो?” तो म्हणाला.

“टँकर तर नदीकाठच्या विहिरीवर भरते म्हनून सांगतात! तिथलं पानी तपासेल आहे, आईच म्हनते,” समीक्षा दातओठ खात म्हणाली. “तितक्या दूर कोन जाईन? म्हनून इथूनच! कशफ, शूटिंग कर!”

कशफने फटीतून मोबाइल धरला. टँकर, नळी, ड्रम, लाल त्रिकोण, सगळं टिपलं. पण मागे सरताना भावसिंगच्या पायाखालचा दगड निसटला आणि खडखडत पत्र्यावर आदळला.

“कोन हाय बे तिकडे?”

“पळा!”

तिघं जी सुटली, ती तांड्याचा आंबा येईपर्यंत थांबली नाहीत. चपलांचे अंगठे तुटले, गुडघे फुटले, कशफची बाटली कुठेतरी पडली. पण मोबाइल तिने छातीशी घट्ट धरला होता.

इंदुताईंनी ते शूटिंग दोनदा बघितलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी तिथल्या तिथे सदाशिवरावांना फोन लावला. बोलणं संपलं तेव्हा मात्र त्यांच्या कपाळावरची आठी सैल झाली होती.

“खदानीचं पानी बांधकामाले जाते म्हनतात. प्यायचं पानी विहिरीवरचंच.”

“टँकर तोच आहे ना पन!”

“धुऊन घेतो म्हनतात.”

“त्याच पान्यानं?”

“समीक्षा!” इंदुताईंनी कपाळ चोळलं. “मी सरपंच आहे. माश्या नाचल्या म्हनून उद्याचा टँकर थांबवू? अन् तुमचं खोटं निघालं, तर लग्नाच्या मांडवात लोकाईले पानी कोन देईन? लग्न होऊ द्या. मंग मी पानी तपासाले पाठवतो.”

“लग्न झाल्यावर?” भावसिंग पुढे आला. “काकू, लग्न माझ्या बहिणीचं आहे. सगळे पिऊन झाल्यावर तपासान?”

इंदुताईंनी मोबाइल कशफच्या हातात परत दिला. “जा, घरी जा,” एवढंच त्या म्हणाल्या.

पेटीच्या खोलीत येऊन तिघं भिंतीला टेकून बसली. काचेपलीकडे माश्यांचा सूर लागला होता.

“मोठे ऐकत नाई तर नाई ऐकत,” समीक्षा म्हणाली. “उद्या टँकर आपुन थांबवू.”

“तिघं? टँकर?” कशफने विचारलं. “आपल्याले उचलून बाजूले ठेवतीन.”

“आपल्याले उचलतीन,” समीक्षाची नजर कोपऱ्यात गेली. तिथे आत्याने जास्तीची आणलेली रिकामी लाकडी मधपेटी पडली होती. “पन हिले कोन उचलंल?”

कशफ आधी समजली नाही. मग ती हळूहळू हसायला लागली. “रिकामी आहे ना पन ती! आवाज कोन करंल?”

“तूच करशीन. रोज शूटिंग करतं ना? त्यात नाचाचा आवाज बी आला असंल!”

भावसिंगने गुडघ्यावर थाप मारली. “दादाचा स्पीकर! छोटा आहे, पन वाजते असा का मांडव हालते!”

लग्नाचा दिवस उजाडला. तांड्यावर मांडव सजला होता. बायका रंगीत घागरे घालून गाणी म्हणत होत्या. चुलाणावर मोठी पातेली चढायची होती, फक्त पाण्याची वाट होती. तांड्यावर यायला एकच रस्ता. दोन्ही बाजूंना काटेरी कुंपण.

टँकर वळणावर आला आणि रहेमानचाचांनी करकचून ब्रेक मारला.

रस्त्याच्या मधोमध लाकडी मधपेटी ठेवली होती. तिच्यामागे तीन मुलं हातात हात धरून उभी होती.

“ए पोट्टे हो! हटा!” चाचांनी खिडकीतून डोकं काढलं.

“नाई हटत!” तिघं एकदम ओरडली.

टँकरच्या मागून मोटारसायकलवर सदाशिवराव आले. त्यांच्या मागे बसलेला माणूस उतरला आणि तावातावाने पेटीकडे निघाला. त्याने हात पुढे केला मात्र,

‘घूंऽऽऽ!’

पेटीतून असा आवाज उठला, की तो माणूस उडी मारून थेट कुंपणात गेला! “अरे बापा! पिसाळल्या! पिसाळल्या!”

पाठीमागे लपवलेल्या मोबाइलवर कशफने अंगठ्याने आवाज आणखी वाढवला. पेटी गरजली. सदाशिवरावही चार पावलं मागे सरले. मांडवातून माणसं धावत आली. भावसिंगची आई सुखीबाई आली, वऱ्हाडी आले, गावाकडून इंदुताई आल्या.

“हे काय चालवलं?” इंदुताई ओरडल्या. “समीक्षा, बाजूले हो!”

“नाई होत, आई! हे पानी मांडवात जाऊ देनार नाई!”

“पाहा, पाहा!” सदाशिवराव लोकांकडे वळले. “सरपंचाची पोरगी! गरिबाच्या लग्नात पानी अडवून राह्यली! विहिरीवरचं चोख पानी आनलं मी!”

“चोख आहे?” समीक्षाने विचारलं. ती पेटीला वळसा घालून टँकरपाशी गेली. मागची तोटी सोडून तिने स्टीलचा पेला भरला. ती सरळ सदाशिवरावांसमोर जाऊन उभी राहिली.

“मंग घ्या काका. पहिला मान तुमचा. प्या!”

मांडवातलं लग्नाचं गाणं थांबलं.

सदाशिवरावांनी पेल्याकडे पाहिलं. “मले... मले तहान नाई आता.”

“दोनच घोट.”

“म्हटलं ना, तहान नाई!”

रहेमानचाचांना हा तमाशा पाहवेना. सकाळपासून त्यांचा घसा कोरडा पडला होता. “अरे, कायले भांडता लेकरासंग? मले द्या, मी पितो!” म्हणत त्यांनी समीक्षाच्या हातून पेला काढून घेतला आणि तोंडाला लावला.

“चाचा, नाई!” कशफ किंचाळली.

पण तिच्याही आधी दुसरा आवाज फुटला होता.

“रहेमान, पिऊ नको!”

सदाशिवरावांनी झेप घेऊन पेल्याला फटका मारला होता. पेला खणखणत दगडावर गेला. पाणी धुळीत जिरलं.

सदाशिवराव आपल्याच हाताकडे बघत उभे होते.

“काहून पिऊ नको, मालक?” रहेमानचाचांनी हळू आवाजात विचारलं. “तुम्ही तर म्हनले, खदानीतले ड्रम धुतल्यावर पानी दोन दिवस बसलं का साफ होते. मी तेच पानी गावाले देल्लं. माझ्या नातवाईले देल्लं. काहून पिऊ नको?”

“मले वाटलं...” सदाशिवराव पुटपुटले. “एवढ्या मोठ्या खदानीत जरासं औषध... काय होते म्हटलं. विहीर लय दूर पडते...”

“मले वाटलं!” सुखीबाई पुढे आली. तिच्या हातातल्या बांगड्या खणाणल्या. “माझ्या लेकीच्या मांडवात ते ‘वाटलं’ पाजनार होता तुमी? पाव्हन्याईच्या लेकराईले?”

इंदुताईंचा चेहरा पांढरा पडला होता. पण त्या भानावर आल्या, आणि मग त्यांचा असा काही आवाज लागला, की मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू गेला. “रहेमानभाऊ, किल्ली मले द्या! टँकर इथंच उभा राहीन. तालुक्याहून पानी तपासणारे येऊन बाटली भरेपर्यंत थेंब सांडू देऊ नका. घरोघरचे निळे ड्रम आजपासून बंद! कोनाले मळमळ होत असंल त्यानं लगेच दवाखान्यात चला. अन् लग्नाले पानी मी आनतो. विहिरीवर सोता उभी राहून!”

माणसं पांगायला लागली. कुंपणात अडकलेला माणूस अजून तिथेच होता. “अहो, मले कोनी काढा ना!” तो विव्हळला. “त्या माश्या आधी न्या!”

भावसिंगने गंभीर चेहऱ्याने पेटीचं झाकण उघडलं आणि आतून छोटासा काळा स्पीकर काढून त्याला दाखवला. सुखीबाई आधी हसली. मग सगळा तांडा हसला.

दुपारी उशिरा विहिरीवरचं पाणी घेऊन दुसरा टँकर आला. स्वयंपाक लांबला, लग्नही लांबलं, पण कुणाची कुरकुर नव्हती. पंगत बसली तेव्हा सुखीबाईने वऱ्हाडातल्या मोठ्या माणसांना थांबवलं आणि तिघांना हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं.

काही दिवसांनी तपासणीचा निकाल आला. खदानीच्या पाण्यात फवारणीचं औषध निघालं. फार नव्हतं, म्हणून गावात कुणी दगावलं नव्हतं. “पण उन्हाळाभर प्यायले असते तर?” डॉक्टर म्हणाले. खदानीला कुलूप लागलं. सदाशिवरावांचा टँकर गेला, चौकशी सुरू झाली, आणि पांढऱ्या सदऱ्यातले सदाशिवराव दारोदार फिरून आपले निळे ड्रम परत गोळा करताना गावाने पाहिले.

ग्रामसभेत इंदुताई उभ्या राहिल्या. “सरपंच म्हनून माझं चुकलं,” त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. “विहीर न पाहता मी टँकरवर विश्वास ठेवला, अन् डोळ्यानं पाहून आलेल्या लेकराईवर नाई ठेवला. यापुढे टँकर भरताना गावची दोन मानसं हजर राहतीन. अन् हे तिघं...” त्यांनी मुलांकडे हात केला. “हे तिघं माह्यं ऐकले असते, तर आज आपुन इथं अशे बसलो नसतो.”

टाळ्या वाजल्या. रहेमानचाचा तर उभे राहून वाजवत होते.

अंजूआत्या अकोल्याहून आली ती थेट खोलीत गेली. तिने सगळं शूटिंग बघितलं, सकाळचं, संध्याकाळचं.

“मी तुम्हाला सांगितलं मोजमाप चुकलं,” मग ती म्हणाली. “तुम्ही माझं ऐकलं नाही.”

“सॉरी, आत्या,” समीक्षा पुटपुटली.

“सॉरी? खबरदार सॉरी म्हणाल तर! पुन्हा मोजून बघितलं आणि मग ऐकलं नाही. याला अभ्यास म्हणतात! माझ्या सरांना मी हेच शूटिंग दाखवणार आहे, तुमच्या तिघांच्या नावानं.”

त्या संध्याकाळी चौघांनी मिळून भिंतीजवळ एक पसरट परात ठेवली. तिच्यात विहिरीचं पाणी ओतलं. माश्या बुडू नयेत म्हणून भावसिंगने नाल्यातले गोटे आणून मांडले. मग सगळे काचेपुढे जाऊन बसले.

एक माशी आत आली. गर्दीत थांबली. पण ती ना उजवीकडे धावली, ना डावीकडे. ती लहानशी गोल गिरकी घेऊ लागली. गोल, पुन्हा उलटी गोल, पुन्हा गोल!

“हे काय नवीन?” भावसिंग ओरडला. “हिले पत्ता आठवत नाई का?”

“आठवतो ना,” आत्या हसली. “गोल नाच म्हणजे दिशा सांगायची गरजच नाही. अगदी जवळ आहे, दाराशीच!”

आजूबाजूच्या माश्या त्या नाचणारीमागे गोळा झाल्या होत्या. एकेक करून त्या नळीतून बाहेर पडायला लागल्या.

कशफने मोबाइल वर धरला. “शांत बसा रे सगळे,” ती म्हणाली. “शूटिंग चालू आहे!”